‘तुंबा’ खेळातली मावशी

२ मार्च, सोमवार

चौदा वर्षांनी त्या इमारतीत पाऊल टाकलं आणि तोच वास आला. ओल्या गालिच्याचा, आणि त्यावर मारलेल्या फुलांच्या फवाऱ्याचा. घाण झाकायची, काढायची नाही, ही या कंपनीची जुनीच रीत.

नवा साहेब तिशीचा असेल. हात पुढे केला तर तळवा ओला. मी हात मिळवला आणि टेबलाखाली रुमालाला पुसला. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही नुसतं ऐकून माहीत होतात! ‘तुंबा’च्या तिन्ही आवृत्त्या शेवटपर्यंत खेळलेला माणूस या शहरात दुसरा नाही.”

खेळलेला! मी तो खेळ एक दिवस खेळले नाही. मी तपासनीस होते. पोरांनी खेळ बनवायचा आणि मी तो मोडून दाखवायचा, असं एकोणीस वर्षं केलं.

‘तुंबा’ला यंदा तीस वर्षं होतात. म्हणून तो आता फोनवर येणार, आणि सोबत एक पुस्तिका निघणार: कुठल्या आवृत्तीत काय बदललं, कुठे काय लपवलंय. ती मी लिहायची. सहा आठवड्यांत. हो म्हणून आले.

घरी धाकटीला, माझ्या बहिणीला, सांगितलं. मला वाटलं होतं खूश होईल, पण तिने नुसतं “बरं” म्हटलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तो खेळ तिच्या नवऱ्यानेच लिहिलेला. माझ्या हाताखालून एकूण एक ओळ गेलेली. अंडं चिवडत म्हणाला, “ताई, कशाला त्या जुन्या चिखलात हात घालताय?”

चिखल तूच केलास, बाबा, असं तोंडावर आलं होतं. पण त्यांच्या घरात राहते मी. गिळलं.

४ मार्च, बुधवार

बसायला तळघरातली खोली दिलीय. कीबोर्डवर कुणाच्या तरी खाण्याचे कण. स्पिरिट आणि कापूस घेऊन तासभर साफ केला, एकेक बटण उपटून. खाली काय काय निघालं ते इथे लिहीत नाही. एक नखही होतं.

स्वच्छतागृहाची तर बातच नको. फरशी कायम ओली, कशाने ओली ते देवाला ठाऊक. तिथे मी पूर्वीपासून बुटांच्या बाहेरच्या कडांवर चालते, तळवा टेकवतच नाही. एक मुलगी आरशातून बघून हसत होती. हसू दे. तिचे तळवे तिला लखलाभ.

आता काम. ज्याला खेळ माहीत नाही त्याच्यासाठी आधी चार ओळी लिहाव्या लागतील, त्या इथेच करून बघते. ‘तुंबा’ म्हणजे सांडपाण्याचं कोडं. पडद्यावर चौकोनी तुकडे, प्रत्येकात नळाचा एक वाकडा-तिकडा भाग. तुकडे फिरवून नळ जुळवायचा आणि वरून येणारं घाण पाणी खालच्या गटारात पोचवायचं. नळ जुळला नाही तर पाणी तुंबतं आणि पडदाभर पसरतं. लोकांनी हे तीस वर्षं विरंगुळा म्हणून केलं! घरची मोरी कुणी साफ करत नाही.

पहिल्या आवृत्तीत पाणी राखाडी, साठ पातळ्या. दुसरीत ऐंशी पातळ्या, आणि रंग आले म्हणून पाणी शेवाळी. तिसरीत शंभर, आणि पाण्याला फेस. दर आवृत्तीत प्रगती म्हणजे घाण जास्त खरी दिसू लागली, एवढीच.

पहिलीत सुरुवातीच्या पडद्यावर ‘उंदीर’ असं टाइप केलं की एक उंदीर नळांवरून धावतो आणि चुकीचा तुकडा खातो. दुसरीत त्याचं झुरळ झालं, कारण विक्रेत्याची बायको उंदरांना घाबरायची. झुरळांना घाबरत नव्हती म्हणे. तिसरीत दोन्ही गेले आणि बदक आलं. गटारात बदक. ज्याने कुणी हे ठरवलं त्याने आयुष्यात गटार पाहिलेलं नाही.

९ मार्च, सोमवार

आज ‘मावशी’च्या प्रकरणाला हात घातला. लोकांना खेळातलं दुसरं काही आठवो न आठवो, ही आठवते.

पाणी तीनदा तुंबलं की डावीकडून एक बाई येते. ढगळ झगा, डोक्याला बांधलेलं फडकं, नाकाला रुमाल. मान मागे खेचून, ओठ वाकडे करून सगळ्या पडद्याकडे बघते. मग फडक्याने सगळं पुसते. तुम्ही केलेली सगळी जुळणी जाते. वर तिच्या तोंडाशी अक्षरं उमटतात: ‘नाही चालणार. पुन्हा.’

हे वाक्य माझं. नापास खेळावर मी चिठ्ठी लावायचे, तिच्यावर हेच लिहायचे. खेळात ते घेतल्याचं तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. पोरांनी निदान काहीतरी शिकून घेतलं!

बाई मात्र भयंकर आहे. तेव्हा ती नखाएवढी, ठिपक्यांची होती, नीट दिसायचीच नाही. आता नव्या साहेबाने ती माणसाएवढी छापून जिन्यात लावलीय. बुटांच्या कडांवर चालते, बगळ्यासारखी. पडदा पुसून झाल्यावर स्वतःचीच बोटं एकेक करून पुसते. बघवत नाही. कुठल्या बाईवरून काढली असेल कोण जाणे. असेल कुणाची तरी सासू.

घरी हे सांगितलं तर धाकटीला ठसका लागला. तिच्या नवऱ्याने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, “ताई, मावशीचं प्रकरण मी लिहून देतो. तुम्ही कशाला त्रास घेता?”

निवृत्त झाल्यापासून हा स्वतःचा कप विसळत नाही, आणि आज मदत सुचतेय! स्वतःचं नाव पुस्तिकेत यावं म्हणून चाललंय सगळं. स्पष्ट नाही म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार

खेळणाऱ्यांची जुनी पत्रं एका खोक्यात मिळाली. खोक्यात कसर. हातमोजे घालून वाचली.

निम्मी पत्रं मावशीबद्दल. म्हणे ती चिडते, सगळं पुसते, पण नीट बघितलं तर एक तुकडा बरोबर फिरवलेला ठेवून जाते. तेवढ्या एका तुकड्यावरून पुढचं सुचतं. ‘वरून कडक, आतून मायाळू.’ ‘आमच्या घरी तिला नमस्कार करतो.’ एक बाई लिहिते की ती वर्षभर अंथरुणाला खिळून होती, घरचे कंटाळले, पण मावशी एकदाही एक तुकडा ठेवल्याशिवाय गेली नाही.

चिकट लेकाचे. मध सांडल्यासारखी पत्रं आहेत. माया कसली डोंबलाची? ती चूक आहे! पुसताना मोजणी एकाने कमी पडते, म्हणून एक तुकडा सुटतो. माझ्या वहीत नोंद होती, क्रमांक २१४. पुस्तिकेत तसंच लिहिणार.

१९ मार्च, गुरुवार

आज तंत्रज्ञाने पहिल्या आवृत्तीची तबकडी उघडून तिच्यातली यादी काढून दिली. आतल्या चित्रांची मूळ नावं. दुसऱ्या आवृत्तीत मावशीच्या चित्रांना ‘मावशी १’, ‘मावशी २’ अशी नावं आहेत. पहिलीत वेगळी आहेत.

थोरली १. थोरली २. थोरली ३. सहापर्यंत.

आमच्या घरात मी थोरली आणि ती धाकटी. आई असल्यापासून. भिंतीपलीकडून अजून ऐकू येतं, “थोरली झोपली का?”, “थोरलीला विचारलंस का?” त्या अख्ख्या कंपनीत हा शब्द माहीत असलेला माणूस एकच होता.

सातव्या चित्राचं नाव ‘थोरली रडते’. ते कुठल्याच आवृत्तीत दिसत नाही, नुसतं आत पडून आहे. तंत्रज्ञाने उघडून दाखवलं. बाई पालथ्या बादलीवर बसलीय. रुमाल नाकाला नाही, डोळ्यांना आहे.

तंत्रज्ञ म्हणाला, “वा! हे तर कुणीच पाहिलेलं नाही. मॅडम, तुम्ही शोधलंत हे.”

मी स्वच्छतागृहात जाऊन ओकले. त्याच ओल्या फरशीवर, तळवे टेकवून.

२० मार्च, शुक्रवार

गेले नाही. पोट बरं नाही असं सांगितलं.

खोलीतून बाहेर आले नाही. धाकटीने दाराशी सूप ठेवलं. साय धरेपर्यंत तिथेच होतं.

२२ मार्च, रविवार

जेवताना यादीचा कागद टेबलावर ठेवला.

धाकटीचा नवरा कागद न वाचताच म्हणाला, “मला वाटलंच होतं, हे निघणार.”

“तीस वर्षं,” मी म्हटलं. “तीस वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण.”

“ताई, तेव्हा तुम्ही आमचा खेळ अकरा वेळा परत पाठवलात. अकरा! आम्ही चार पोरं, राग कुठे काढणार? मग एकाने नाक काढलं, एकाने चाल काढली...”

“आणि नाव तू दिलंस.”

“हो.”

“मला तसं चालताना तू कधी पाहिलंस? ते तर बायकांच्या स्वच्छतागृहातलं आहे.”

तो धाकटीकडे बघायला लागला. मग मलाच कळलं. तेव्हा तिची त्याच्याशी नुकतीच ओळख झालेली. ऑफिसच्या दारात त्याची वाट बघत उभी असायची. बोलायला विषय काय, तर मी.

“मीच सांगितलं,” धाकटी म्हणाली. “चालूनही दाखवलं. ताई, आम्ही लहान होतो गं. हसू यायचं.”

“आणि हे?” मी सातव्या नावावर बोट ठेवलं.

तो म्हणाला, “साठावी पातळी जिंकली की मावशी रडते, असा शेवट ठरला होता. तुम्ही एकदा जिन्यात... आम्ही सगळे चहाला बसलो होतो, तुम्ही आलात आणि आम्ही उठून गेलो. नंतर मी फाईल विसरलो म्हणून परत आलो, तर तुम्ही जिन्यात बसला होता.”

मला तो दिवस आठवतो. मला वाटत होतं कुणी पाहिलं नाही.

“ते मी काढायला लावलं,” धाकटी म्हणाली. “हे खेळात राहिलं तर तुझ्याशी लग्न करणार नाही, असं सांगितलं मी याला. विचार त्याला.”

“आणि बाकीची सहा?”

तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. “बाकीची राहिली,” म्हणाली.

मी उठले. तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, एक सांगतो. तो तुकडा, लोक म्हणतात ना मावशी एक तुकडा ठेवते. तो मी मुद्दाम ठेवला, असं आज म्हणता आलं असतं. बरं दिसलं असतं. पण ती चूकच होती. मी तुम्हाला चांगलं असं काहीच दिलं नव्हतं.”

एवढ्या सगळ्यात हे एक वाक्य स्वच्छ होतं. म्हणून जास्तच किळस आली. याला खरं बोलता येत होतं तर!

२५ मार्च, बुधवार

कामावर गेले. जिन्यातून चढताना त्या माणसाएवढ्या बाईसमोर उभी राहिले. नाक माझंच आहे. एवढे दिवस दिसलं नाही याची लाज वाटावी की संताप यावा, ठरेना. जाणारा-येणारा माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. कुणीही बघत नव्हतं.

माझी जुनी वही काढली. नोंद २१४: ‘पुसल्यावर एक तुकडा बरोबर जागी राहतो. चूक. दुरुस्त करा.’ तीनदा परत पाठवल्याच्या तीन तारखा आहेत. चौथ्या तारखेला माझ्याच अक्षरात ‘राहू द्या’. शेजारी समासात लिहिलंय: ‘पातळी ४१, आज सतरा वेळा तुंबली, मग सुटली.’ खाली सही. जिन्यातल्या त्या दिवसानंतरचा तिसरा दिवस आहे.

का सोडली असेन ही चूक? मी चुका सोडत नसे. घाई असेल. माल बाजारात जायचा होता, तेच कारण असणार. समासातल्या ओळीचा संबंध लागत नाही.

घरी कुणाशी बोलत नाही. ते दोघं माझ्या खोलीवरून चवड्यांवर जातात, जसं काही मी आजारी आहे. दोन-तीन जागा बघून आले. एका खोलीच्या भिंतीला बुरशी, दुसरीच्या मालकिणीने दार उघडताना हातात दातांची कवळी धरलेली. थांबते थोडं.

३० मार्च, सोमवार

मावशीचं प्रकरण दिलं. सगळं लिहिलं. पहिल्या आवृत्तीत चित्रांची नावं काय, दुसरीत काय. सातवं चित्र कशासाठी काढलं आणि का वगळलं. चार जणांनी कुणावरून काढलं. ‘कंपनीची तपासनीस’ एवढंच लिहिलं, नाव दिलं नाही. आणि एक तुकडा राहतो ती चूक असून तपासनिसाने ती मंजूर केली, हेही लिहिलं. लपलेल्या गोष्टी सांगायच्या म्हणाले होते. सांगितल्या.

नव्या साहेबाने माझ्यासमोर वाचलं. पहिल्यांदाच तो फोन न बघता काहीतरी वाचत होता.

“मॅडम, छानच आहे. पण जरा कडवट होतंय. लोकांचं लहानपण आहे हो हे.”

“माझंही आयुष्य आहे.”

तो पान पुन्हा वरून वाचायला लागला. मग त्याचे डोळे मोठे झाले. “थांबा. म्हणजे मावशी... तुम्ही?” आणि तो चक्क टाळ्या वाजवायला लागला! “अहो, हे आधी का नाही सांगितलंत? तुमचा फोटो घेऊ! आणि आवाज! नव्या आवृत्तीत मावशी बोलणार आहे, मॅडम. तुम्हीच बोला!”

मला वाटलं होतं ओशाळेल. ओशाळण्याची जागाच त्याच्यात ठेवलेली नाही. आमच्या वेळची पोरं निदान पाठीमागे हसायची.

फोटोला नाही म्हणाले. आवाजाचं म्हटलं, बघते. प्रकरणातून एक शब्द कापला तर पुस्तिकेची सगळी पानं परत घेऊन जाईन, असंही सांगितलं. तो म्हणाला, “कापत नाही हो. हे तर सोनं आहे.” त्याने सोनं म्हटल्यावर मला ते पान हातात धरवेना.

३ एप्रिल, शुक्रवार

आवाज देणार आहे. विचार करून ठरवलं. मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी माझी नक्कल करणार. नाक काढून झालं, चाल काढून झाली. गळा तरी माझा मी देईन.

धाकटी आज खोलीत येऊन बसली. बराच वेळ नखं खात होती. ती पाच वर्षांची असल्यापासून मला तिची ती सवय आवडत नाही. “जाऊ नकोस गं तिथे,” म्हणाली. “अजून किती हसू करून घेशील स्वतःचं?”

“माझं हसू मी नाही केलं.”

“मला माहितेय,” ती म्हणाली, आणि तरीही उठली नाही. शेवटी मीच म्हटलं, नखं खाणार असशील तर बाहेर जा. गेली नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

९ एप्रिल, गुरुवार

आवाज घेण्याची खोली म्हणजे स्पंज लावलेलं खोकं. स्पंजच्या प्रत्येक खड्ड्यात धूळ. माइकच्या जाळीवर आधीच्या कुणाचे तरी थुंकीचे डाग वाळलेले. पुसल्याशिवाय तोंड जवळ नेलं नाही. काचेपलीकडे नवा साहेब आणि आवाजाची यंत्रं बघणारी एक बाई, कानांवर भले मोठे हेडफोन.

“मॅडम, तीनच शब्द आहेत. सुरू करा.”

“नाही चालणार. पुन्हा.”

“छान! जरा आणखी चिडून.”

“नाही चालणार. पुन्हा.”

“चिडून, मॅडम. किळस येऊ द्या आवाजात. समोर सगळं तुंबलंय.”

किळस! मी तर तिच्याशिवाय काही घेऊन आलेच नव्हते. जिन्यातलं चित्र आठवलं, ओला गालिचा आठवला, सहा चित्रं, चार पोरं, दारात उभी राहून माझी चाल करून दाखवणारी माझी बहीण आठवली. छातीपासून सगळं वर आणलं आणि म्हटलं, “नाही चालणार. पुन्हा.”

काचेपलीकडची बाई हेडफोन सरकवून म्हणाली, “तुम्ही समजूत घातल्यासारखं म्हणताय हो. म्हणजे, हरकत नाही, परत करून बघ, असं ऐकू येतंय.”

बावीस वेळा म्हटलं. घसा सोलून निघाला. मग नवा साहेब आत आला आणि पहिल्यांदाच थोडा संकोचला. “मॅडम, आवाज फारच गोड आहे तुमचा. खरंच. पण मावशीला शोभत नाही. लोकांना पटणार नाही. आम्ही एखादी नटी बोलावतो.”

घरी आले तर दोघं पुढच्या खोलीत वाट बघत होते. टीव्ही बंद.

“काय झालं?” धाकटीने विचारलं.

“नापास.”

“म्हणजे?”

“मी मावशीसारखी वाटत नाही म्हणाले.”

कुणी हसलं नाही. धाकटीचा नवरा खाली बघत होता. मग मलाच हसू फुटलं. पोट धरून हसले, किती तरी वर्षांत अशी हसले नसेन. धाकटी आधी घाबरली, मग तीही हसायला लागली आणि हसता हसता मध्येच रडायला लागली. तिचं नाक वाहत होतं. फार घाणेरडं दिसत होतं ते. माफ केलेलं नाही मी तिला, हे तिलाही कळलं असावं. पण मी उठून गेले नाही.

संध्याकाळी नव्या साहेबाचा फोन. नटी मिळाली, उद्या अकराला येतेय. “मॅडम, तिला जरा शिकवाल का? तुम्ही चिठ्ठीवर हे लिहायचात तेव्हा चेहरा कसा व्हायचा, श्वास कसा घ्यायचात, ते सगळं?”

हो म्हणाले. जाणार आहे. ती बाई चुकीचं करणार, नुसता आरडाओरडा करणार, याची मला आत्तापासूनच शिसारी येतेय.